मोठ्या बाईंचा हात आणि हिरवा दिवा

डब्यांच्या कारखान्यात कॅमेरा आला त्या दिवशी त्याच्या खोक्याभोवती जेवढी माणसं जमली, तेवढी मालकाच्या लग्नालाही जमली नव्हती, असं प्रेसवरचा मिस्त्री छातीठोकपणे सांगतो. मालकाच्या लग्नाच्या वेळी मिस्त्री जन्मलाही नव्हता. पण म्हणून त्याने सांगू नये असं थोडंच आहे?

कारखाना मलमाच्या डब्या करायचा. पत्र्याच्या, गोल, तळहातात मावतील एवढ्या. झाकणाच्या काठाला अंगठ्याने एका बाजूला दाबायचं, की दुसरी बाजू आपोआप वर उचलली जायची. एका प्रेसवर तळ बने, दुसऱ्यावर झाकण, पुढे दोघांची गाठ पडे आणि जोडी पट्ट्यावर बसून तपासणीच्या टेबलाकडे निघे. टेबलावरच्या बायका ओरखडे, डाग, वाकडे काठ बघून वाईट माल बाजूला टाकत, आणि उरलेल्या प्रत्येक डबीवरून शेवटचा हात फिरे तो मोठ्या बाईंचा. त्यांच्या हाताचा वेग असा, की समोर बसलेल्याला वाटावं बाई पंख्याने वारा घेताहेत. त्यांच्या हाताखालून गेलेली डबी परत आली, असं कुणी ऐकलेलं नव्हतं.

आता हे काम कॅमेऱ्याने करायचं होतं. आणि कॅमेरा बसवायला जो आला, तो नेमका मोठ्या बाईंचा जावई! त्याचं नाव काय, पगार किती, शिक्षण काय, याची कुणी चौकशी केली नाही. पहिल्या चहाला तो अख्ख्या कारखान्याचा जावईबापू झाला.

या जावईबापूचं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती आणि ती सगळी त्याने बॅग भरण्यात घालवली होती. आज या गावी बिस्किटाच्या पुड्यांवर कॅमेरा, उद्या त्या गावी औषधाच्या बाटल्यांवर. बायको आईकडे, माडीवरच्या खोलीत. तिला आठवा सरून नववा लागत होता. कंपनीने त्याला शब्द दिला होता: डब्यांच्या कारखान्याने कॅमेरा ठेवून घेतला, तर आजूबाजूचे कारखानेही घेतील आणि त्या सगळ्यांच्या देखभालीला तुला तिथेच कायमचा नेमू. नाही घेतला, तर कॅमेरा खोक्यात, तू गाडीत, आणि पुढचा मुक्काम इतका लांब की तिथे फोनसुद्धा धापा टाकत पोचतो. निकाल लागणार होता शनिवारी.

"पोर जन्मेल तेव्हा तू कुठल्या तरी बाटलीकडे बघत बसलेला असशील," बायको म्हणायची. म्हणायची हसत, पण तेवढ्यापुरती तिच्या गालावरची खळी हजर नसायची.

मोठ्या बाई मात्र कॅमेऱ्यावर रागावल्या नव्हत्या. उलट त्यांना त्याचं भारी कुतूहल. चष्मा पुसून त्यांनी त्याला चारही बाजूंनी न्याहाळलं.

"जावईबापू, याला पापणी नाही?"

"नाही, आई."

"मग हा झोपतो कसा?"

"झोपत नाही. एका घटकेत हजार डब्या बघतो."

"आणि चांगली कुठली, वाईट कुठली, हे याला कोण सांगतं?"

"आपणच. चांगल्या डब्या दाखवायच्या, वाईट दाखवायच्या. काय बघ ते सांगावं लागत नाही. तो आपला आपण ओळखायला शिकतो."

"म्हणजे शिकवणीच की! फी कोण देतं?" असं म्हणून त्यांनी आपल्या हाताने पास केलेल्या डब्यांचे क्रेट त्याच्यापुढे रचले. टेबलावरच्या बायकांनी नापास केलेल्या डब्यांचाही ढीग आला. जावईबापूने सगळा माल कॅमेऱ्याला दाखवला. भोवती दिव्याचं गोल कडं, त्याचा उजेड डबीवर तिरपा पडे, आणि केसाएवढा ओरखडाही स्क्रीनवर रस्त्याएवढा दिसे. कॅमेरा हुशार निघाला. चांगली डबी आली की हिरवा दिवा, वाईट आली की लाल दिवा आणि पट्ट्याशेजारच्या नळीतून हवेची फुंकर. डबी उडून थेट लाल क्रेटमध्ये. एक चूक नाही.

मग टेबल बाजूला सरकवलं, पट्टा प्रेसपासून सरळ कॅमेऱ्याखाली आणला आणि मालकांनी स्वतः बटण दाबलं.

फू. फू. फू. फू.

लाल क्रेट भरलं. दुसरं लावलं, तेही भरलं. डब्या अशा काही उडू लागल्या, की मिस्त्रीने डोक्यावर बादली घेतली. आलेली प्रत्येक डबी नापास! जावईबापूने यंत्र थांबवलं, क्रेटमधल्या डब्या उलटसुलट करून बघितल्या. आरशासारख्या! एकीवरही ठिपका नाही.

"अहो, हा कॅमेरा आहे का खाष्ट इन्स्पेक्टर?" मालक म्हणाले आणि काय गडबड आहे ते बघायला पट्ट्यावर वाकले. त्यांचं टक्कल कॅमेऱ्याखाली आलं. लाल दिवा लागला, आणि मालकांच्या डोक्यावर, जे काही दोन केस उरले होते त्यांच्यावर, सणसणीत फुंकर बसली.

हसायचं कुणी नाही, असं सगळ्यांनी ठरवलं. मिस्त्रीला ते बादलीमुळे सोपं गेलं.

पण खरी नवलाची गोष्ट पुढेच घडली. मोठ्या बाई जवळ उभ्या होत्या. त्यांनी सवयीने पट्ट्यावरची एक डबी उचलली, बघितली, "हिला काय धाड भरलीय?" म्हणून परत ठेवली. डबी कॅमेऱ्याखाली गेली.

हिरवा दिवा.

बाईंनी दुसरी उचलून ठेवली. हिरवा. मिस्त्रीने बादली काढून एक उचलली, छान निरखून ठेवली. लाल. फू.

"घ्या!" मिस्त्री म्हणाला. "जावई सासूला घाबरतो हे माहीत होतं. जावयाचं यंत्रही घाबरतं, हे आज कळलं."

त्या दिवसापासून जावईबापूची झोप उडाली. त्याने काचा पुसल्या, दिवे बदलले, पट्टा सावकाश केला, पट्टा जलद केला, शिकवणी पुसून त्याच क्रेटमधल्या डब्यांवर नव्याने घेतली. फरक शून्य. प्रेसवरून आलेली डबी लाल, आणि तीच डबी मोठ्या बाईंच्या हातून गेली की हिरवी. त्याने बाईंना लांब उभं केलं, पाठमोरं उभं केलं. त्यांनी फक्त डबीकडे बघितलं तर काही होत नसे. हात लागला पाहिजे.

हात! संध्याकाळी जेवताना त्याची नजर सारखी सासूबाईंच्या हाताकडे जाऊ लागली. ताटात आमटी गार झाली. शेवटी त्याच्याने राहवेना.

"आई, तुम्ही हाताला काही लावता का?"

"म्हणजे?"

"तेल, पावडर... म्हणजे असं काही, जे कॅमेऱ्याला दिसेल."

मोठ्या बाईंचा घास हातातच राहिला. "जावईबापू, सरळ बोला. मी तुमचा कॅमेरा बिघडवते, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"तसं नाही हो..."

"तसंच आहे! माझं टेबल जाणार, म्हणून मी करणी करते, होय ना? हे घ्या, बघा हात! वास घ्या!" त्यांनी दोन्ही हात त्याच्या नाकाखाली धरले. हातांना साबणाचा आणि आमटीचा वास होता. "माझ्या लेकीचा नवरा इथे राहावा म्हणून मी सकाळ-संध्याकाळ देवाचं डोकं खाते, आणि हे माझे हात तपासतात!"

"आई, तो फक्त विचारतोय," बायको म्हणाली.

"त्याला म्हणावं, यंत्राला विचार."

त्या उठून गेल्या. जावईबापूने बायकोकडे बघितलं. बायकोने आमटी त्याच्या पुढून ओढून घेतली. "गरम करून आणते," ती म्हणाली, "पण उद्या तू आईची माफी मागायचीस. आणि मला तो तुझा कॅमेरा बघायचाय. एवढं भांडण लावणारा आहे तरी कसा?"

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. दुपारच्या सुट्टीत बायको डबा घेऊन हळूहळू कारखान्यात आली. तोपर्यंत जावईबापूने कॅमेरा दिव्याच्या कड्यासकट चौकटीतून काढून टेबलावर आडवा मांडला होता आणि त्याच्यासमोर हाताला लागेल ती गोल वस्तू धरत सुटला होता. घड्याळ, लाल. कोटाचं बटण, लाल. मिस्त्रीची पानाची डबी, लाल. जेवणाच्या डब्याचं झाकण, लाल.

"हे काय चाललंय?"

"याला काय आवडतं ते शोधतोय."

"आणि?"

"काहीच नाही आवडत. मालकसुद्धा नाही आवडले." आणि त्याने तिला टकलावरच्या फुंकरीची गोष्ट सांगितली. इतके दिवस काळजीत ती सांगायची राहिली होती.

बायको स्टुलावर बसली होती, अगदी कॅमेऱ्यासमोर. तिचा चेहरा गोल होता; त्याला डबीसारखा म्हटलेलं तिला खपत नसे, म्हणून आपण गोल एवढंच म्हणू. लाल दिवा पेटलेला होताच. फुंकरीपर्यंत गोष्ट आली आणि ती खदखदून हसली.

हिरवा दिवा.

ती दचकली. हसू गेलं. लाल.

"परत हस," जावईबापू म्हणाला.

"असं कसं हसू? सांगितल्यावर हसू येतं का?"

"मिस्त्री डोक्यावर बादली घेऊन उभा होता."

ती पुन्हा हसली. हिरवा! जेवायला बसलेली माणसं डबे सोडून धावत आली. मिस्त्री म्हणाला, "यंत्राला माणसाची पारख आहे बुवा!" तो स्वतः कॅमेऱ्यासमोर बसून बत्तीसच्या बत्तीस दात दाखवून हसला. लाल. टेबलावरच्या बायका एकामागून एक हसून गेल्या. लाल, लाल, लाल. फक्त बायको हसली की हिरवा. ती पोट धरून म्हणाली, "आता पुरे, आतलंही हसायला लागलंय."

पण जावईबापू हसत नव्हता. तो स्क्रीनकडे बघत होता. स्क्रीनवर बायकोचा गोल चेहरा होता, आणि गोलाच्या काठाजवळ, डाव्या गालावर, तिरप्या उजेडात एक लहानशी सावली होती. हसली की यायची, थांबली की जायची.

खळी.

तो धावत जाऊन बाईंनी पास केलेली एक डबी घेऊन आला. छताच्या दिव्याखाली झाकण सपाट दिसत होतं. त्याने ते कड्याच्या तिरप्या उजेडात धरलं आणि हळूहळू फिरवलं. काठाजवळ एका जागी पत्रा किंचित, अगदी किंचित खोल गेलेला. दुसरी डबी, तसंच. तिसरी, तसंच. क्रेटमधल्या एकूण एक डबीच्या गालावर खळी!

तो तडक मोठ्या बाईंकडे गेला. बाई त्याच्याशी बोलत नव्हत्या, म्हणून भिंतीकडे बघून म्हणाल्या, "आज कुणाला पाय तपासायचे असतील, तर चप्पल काढते."

"आई, माझं चुकलं. शंभरदा चुकलं. पण एक उपकार करा. या पाच-सहा डब्या तपासा. नेहमीसारख्या."

बाईंनी तोंड वाकडं केलं, पण डबी समोर आल्यावर त्यांचा हात कधी थांबलाय? उचलली, फिरवली, टक्, ठेवली.

"झाकणाला अंगठ्याने दाबलंत."

"मी? छे!" उचलली, फिरवली, टक्.

"आत्ता दाबलंत, आई."

"मी कशाला दाबू? मी नुसती बघते." टक्. "डोळ्यांनी बघते हो मी." टक्.

टेबलावरच्या बायका बघत होत्या. बाईंनी पुढची डबी उचलली, अंगठा काठाजवळ आला, आणि तिथेच हवेत थांबला. त्यांनी आपल्याच अंगठ्याकडे असं बघितलं, जसा तो शेजारणीचा असावा.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "हा केव्हापासून करतोय हे?"

झाकण नीट बसलंय की नाही, हे अंगठा आपल्यापुरतं बघत असे आणि बाईंना सांगतही नसे. वाईट डबी नजरेलाच पकडली जाई, ती अंगठ्यापर्यंत पोचतच नसे. म्हणून चांगल्या मालाला तेवढी खळी, वाईटाला नाही. बिचाऱ्या कॅमेऱ्याने प्रामाणिकपणे अभ्यास केला आणि एकच गोष्ट पाठ केली: खळी असेल ती चांगली.

मग काय! जावईबापूने नवी शिकवणी घेतली, प्रेसवरून थेट उचललेल्या डब्यांची. मोठ्या बाईंना हातात लोकरीचे मोजे घालून लांब बसवलं. संध्याकाळच्या पाळीला पट्टा सुरू झाला आणि गुळगुळीत डब्या हिरव्या दिव्याखालून पाण्यासारख्या वाहू लागल्या. ओरखडा आला की फू, नाहीतर शांतता. मालकांनी टोपी घालून तपासणी केली आणि माल रातोरात मलमवाल्याकडे रवाना केला. जावईबापूने बॅग माळ्यावर टाकली. मोठ्या बाई टेबलापाशी मोजे घालूनच बसून राहिल्या होत्या, हे मात्र त्याने बघितलं आणि बघितलं नाही असं केलं.

शनिवारी मालक सहीसाठी पेन शोधत होते, तेवढ्यात मलमवाला आला. तो भरदार माणूस. दारातून आधी त्याचा आवाज आत आला.

"या काय डब्या पाठवल्यात? सकाळी मलम भरून दुकानात ठेवल्या, दुपारपर्यंत निम्म्या परत!"

"ओरखडा आहे?" मालकांनी विचारलं.

"ओरखडा कसला? उघडत नाहीत! लोक विचारतात, दाबायचं कुठे?"

"अहो, काठाला कुठेही दाबा की!"

"हे सांगत मी घरोघर फिरू? त्यांची बोटं वर्षानुवर्षं खड्डा शोधताहेत. खड्डा सापडला की अंगठा ठेवायचा, दाबायचं, उघडली. आता खड्डाच नाही! एक आजोबा म्हणाले, झाकणाचा खड्डा बुजवलेला आहे, माल नकली आहे. मला नकली म्हणाले! मला खड्डावाल्याच डब्या पाहिजेत."

मालकांनी पेनाचं टोपण लावलं. टोपण लागल्याचा आवाज जावईबापूला कारखान्यातल्या सगळ्या प्रेसपेक्षा मोठा वाटला.

"काढा हा कॅमेरा," मालक म्हणाले. "बाईंचं टेबल परत मांडा."

"थांबा," जावईबापू म्हणाला. "खड्डाच पाहिजे ना? पट्ट्यावर एक दांडी बसवतो. यंत्रच खड्डा पाडेल."

मिस्त्रीने दांडी बसवली. दांडीने ठोकलेला खड्डा मलमवाल्याने अंगठ्याने चाचपला आणि डबी टेबलावर आपटली. "याला खड्डा म्हणतात? हा पोचा आहे! अंगठा बसत नाही यात."

जावईबापूला काय वाटलं कुणास ठाऊक. त्याने कॅमेऱ्याची पहिली शिकवणी, ती खळीची, पुसली नव्हती. ती पुन्हा लावली आणि दांडीची डबी खाली धरली. लाल. मग तो सासूबाईंकडे वळला. "आई, मोजे काढा."

मोठ्या बाई उठल्या. त्यांनी एकेक बोट ओढत मोजे काढले. डबी उचलली, फिरवली, टक्. हिरवा. मलमवाल्याने ती चाचपली आणि त्याच्या चेहऱ्यावर, घरची वाट सापडावी तसा, आनंद पसरला. "हीच! हीच ती डबी!"

"मालक, दोन्ही शिकवण्या एकत्र लावतो," जावईबापू म्हणाला. "ओरखडा आला तर फुंकर, खळी नसली तरी फुंकर. आधी आईंचा हात, मग कॅमेरा."

"बाई आहेतच, तर कॅमेरा कशाला?" मालकांनी रास्तच विचारलं.

जावईबापू दोन्ही शिकवण्या लावायला वाकला. पट्टा चालूच होता आणि मोठ्या बाई कामाला लागल्याही होत्या. टक्, हिरवा, टक्, हिरवा, टक्, हिरवा. आणि मध्येच, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, फू!

बाई चमकल्या. क्रेटमधून डबी काढून त्यांनी तिरप्या उजेडात धरली. गाल सपाट.

"आत्ता शिंक आली होती, तेव्हाची असेल," त्या पुटपुटल्या. मग डबी हातात घेऊनच त्या मालकांकडे वळल्या. "मालक, इतकी वर्षं माझ्या हातून अशा किती सुटल्या असतील, काय माहीत. मला सांगणारं कुणी नव्हतं. हा सांगतो. याला ठेवा. मी तपासते, आणि मला हा तपासू दे."

"बाई, तुम्हाला चालेल? यंत्राने चूक काढलेली?"

"जावई काढतो ती चालवून घेतली, मग याची काय मोठीशी!"

मालकांनी पेनाचं टोपण काढलं.

दोन शिकवण्या एकत्र चालवणारा कॅमेरा दुसरीकडे कुठेच नव्हता आणि तो अधूनमधून एकीत दुसरी मिसळायचा. त्यामुळे तो सांभाळणारा माणूस गावात असणं कंपनीलाही भागच पडलं. बॅग माळ्यावरच राहिली.

पुढच्या महिन्यात मुलगी झाली, तेव्हा जावईबापू कुठल्याही बाटलीकडे बघत नव्हता; खोलीच्या दाराबाहेर उभा होता. मोठ्या बाईंनी नातीला मांडीवर घेतलं, उलटसुलट न्याहाळलं, आणि त्यांचा उजवा अंगठा अलगद तिच्या डाव्या गालावर, काठाजवळ टेकला.

"आई!" बायको बिछान्यातून म्हणाली. "काय करतेस?"

"मी कुठे काय करतेय? नुसती बघतेय."

जावईबापूने लेकीच्या गालाकडे बघितलं. मग बायकोच्या गालाकडे. तिलाही खळी एकच होती, तीही डाव्याच गालावर. सासूबाईंना काहीतरी विचारायला त्याने तोंड उघडलं; पण गेल्या वेळी हातांबद्दल विचारलं तेव्हाची आमटी आठवली, आणि त्याने ते मिटलं. पोरगी जांभई देता देता हसली.

हिरवा दिवा लागायला तिथे कॅमेरा नव्हता. पण मिस्त्रीला विचाराल, तर तो म्हणेल, लागला होता. आपण कारखान्यातून बघितला.